आधी आजोबांची रांग

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी गडद काळोखात बसायची नोकरी मी काही वर्षं केली. नोकरी म्हणजे पीएचडी. पण घरी सगळे तिला नोकरीच म्हणत आणि मीही रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, त्यामुळे मी कोणाला दुरुस्त केलं नाही. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये असं ऊन असायचं. आत आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत काळे पडदे, दाराच्या फटींना काळी टेप आणि कुरकुरणारा एसी. खोलीत मी एकटी आणि भिंगाखाली माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी.

बाबा आता नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे काय झालं असेल या उत्सुकतेनं कोणी हे वाचावं असं मला वाटत नाही. मी आणि बाबांनी एकमेकांना काय दाखवलं आणि काय लपवलं, तेवढंच मला लिहायचं आहे.

कामाचं आधी सांगते. यकृताच्या पेशींना तेलकट खाद्य दिलं की त्यांच्यात चरबीचे थेंब साठतात. ज्याला आपण फॅटी लिव्हर म्हणतो, त्याचाच हा लहान नमुना. नाईल रेड नावाचा एक रंग असतो. पाण्यात असेपर्यंत तो गप्प असतो, चरबीत शिरला आणि वरून निळा प्रकाश पडला की सोनेरी पिवळा चमकतो. पेशी मारावी लागत नाही. ती जगत असते, खात असते आणि तिच्या पोटातले थेंब आपण काळोखात बसून बघत असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अक्षरशः तोंडावर हात धरला होता.

आमच्या मॅडम एका रानझुडपाच्या अर्कावर काम करत होत्या. अर्क दिला की हे थेंब कमी होतात का, एवढाच प्रश्न. झुडपाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी उद्या सकाळी ते उकळायला घेईल. आपल्याकडची माणसं मला चांगली ठाऊक आहेत, कारण मी त्यांच्यातलीच एक.

मॅडमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये चोवीस छोट्या वाट्या असायच्या, सहा-सहाच्या चार रांगा. वरच्या दोन रांगांमधल्या पेशींना फक्त तेल. त्यांना आम्ही सगळे आजोबा म्हणायचो. खालच्या दोन रांगांमधल्या पेशींना तेल आणि अर्क दोन्ही, ती नातवंडं. नवीन मुलगी आली की मॅडम पहिल्या दिवशी तिला शिकवायच्या, "आधी मोठ्यांना नमस्कार, मग बाकीच्यांना." म्हणजे फोटो काढायचे ते आधी आजोबांच्या रांगांचे, शेवटी नातवंडांचे. मॅडमना हे त्यांच्या सरांनी शिकवलं होतं. सरांना कोणी शिकवलं देव जाणे. आम्हाला त्यात गंमत वाटायची, घरातलं वळण प्रयोगशाळेतही असल्यासारखं वाटायचं. असं का, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नाही.

एरवी आम्ही फार काटेकोर होतो, ही त्यातली दुर्दैवाची गोष्ट. माणसाचा डोळा लबाड असतो, त्याला हवं ते दिसतं, हे मॅडमनी आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. म्हणून थेंब मी डोळ्यांनी मोजायचे नाही. त्यासाठी मी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो फोटोंची नावं पुसायचा, त्यांना भलतेच आकडे द्यायचा आणि मगच मोजायचा. कुठला फोटो आजोबांचा आणि कुठला नातवंडांचा, हे मलाही कळायचं नाही. ठरावीक उजेडापेक्षा पुसट असलेला थेंब मोजायचाच नाही, असा नियम मी त्यात घातला होता. पुसटाला मोजत बसलं तर धूळही मोजली जाते, असं माझं म्हणणं. त्या प्रोग्रॅमचा मला भारी अभिमान होता.

आता बाबा. उमरेडकडच्या कोळसा खाणीच्या कचेरीत त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर नागपुरात हुडकेश्वरला छोटं घर बांधलं. दारूचा थेंब नाही, पानतंबाखू नाही. फक्त गोड फार, आणि वर्षानुवर्षं खुर्चीवरचं काम. त्या वर्षी दिवाळीनंतर पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टर म्हणाले, लिव्हरची कड जराशी ओबडधोबड दिसते, फेब्रुवारीत या, लिव्हर किती कडक झालंय ते एका मशीनवर बघू. कागद घडी करून बाबांनी पाकिटात ठेवला. रिक्षात मला म्हणाले, "म्हणजे तुह्या डब्यातलं लिव्हर अन् माहं लिव्हर एकच बिमारी का वं?"

मी हसले. हो म्हणाले.

डिसेंबरमध्ये आमचे पहिले चांगले फोटो आले. डावीकडे आजोबा, पेशी थेंबांनी गच्च भरलेल्या, सोनेरी. उजवीकडे नातवंडं, काळ्या आभाळात चारदोन चांदण्या राहाव्यात तशी. मॅडमनी माझी पाठ थोपटली. मी आनंदाच्या भरात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, आधी आणि नंतर.

ते दोन शब्दही खरे नव्हते. आधी आणि नंतर नव्हतंच ते. त्या वेगवेगळ्या वाट्यांतल्या वेगवेगळ्या पेशी होत्या. पण बाबांना समजेल असं सोपं करून लिहायचं होतं, म्हणून तसं लिहिलं.

बाबांनी काय करावं? सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तो फोटो मोठा करून आणला, फ्रेम करून घेतला आणि समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी टांगला. कोणी आलं की चहाच्या आधी त्याला फोटोपुढे उभं करायचे. "हे आधीचं, हे नंतरचं. माह्या पोरीनं काढला." पुढे पुढे बोट ठेवून म्हणायला लागले, "हे माहं लिव्हर." बघणारा माणूस मान डोलवायचा. मी तिथेच असायचे. एकदाही म्हणाले नाही की बाबा, हे तुमचं नाही, हे प्लास्टिकच्या वाटीतलं आहे. मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या व्हायच्या.

झुडपाचं नाव त्यांना मीच सांगितलं होतं. खाणीतले त्यांचे एक जुने सोबती अजून उमरेडला राहत. ते बांधावरून जुड्या उपटायचे आणि पिशवी एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायचे. बाबा ठरल्या वेळी स्टँडवर जाऊन ती घेऊन यायचे. आई ते धुवायची, उकळायची, गाळायची. सकाळ-संध्याकाळ स्टीलचा एक पेला. कडूजहर. बाबा नाक न दाबता प्यायचे आणि रिकामा पेला फोटोकडे उंच करून दाखवायचे. आम्ही दोघी हसायचो.

फेब्रुवारी आला तेव्हा मी त्यांना डॉक्टरांची आठवण केली होती. केली होती, एवढं मात्र खरं. बाबा म्हणाले, "काहून जाऊ? त्याचं मशीन तुह्या मशीनपेक्षा मोठं हाय का?"

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा मी बोलले, "पाहा बुवा, तुमची मर्जी." पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, फेब्रुवारीत का नाही आणलं? त्यांचा आवाज साधाच होता, रागाचा नव्हता. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट घडायला लागली. अर्क जास्त चांगला लागू पडायला लागला. थंडीत थेंब कमी व्हायचे, पण एप्रिलमध्ये नातवंडांच्या रांगा जवळजवळ रिकाम्याच दिसायला लागल्या. मॅडमही चकित झाल्या. आम्ही चहा पीत बसून कारणं शोधली. उन्हाळ्यात झुडपात रस दाट होत असेल, नवीन जुडी जास्त जोरदार असेल. कारणं भरपूर सापडली. उन्हाळ्यात आमचा एसी सारखा बंद पडायचा, मग दोन रांगांमध्ये वीस-वीस मिनिटं थांबून खोली थंड होऊ द्यावी लागायची, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते तर रोजचंच रडगाणं होतं. त्याला कोण कारण म्हणणार?

घरी बाबा बारीक व्हायला लागले. गाल बसले, दंड सुकले. शेजारचे म्हणाले, काका, तुमचं तर वजन उतरलं, काय घेऊन राहिले? बाबा फोटोकडे बोट दाखवायचे. पायजम्याची नाडी मात्र आई सैल बांधून द्यायला लागली होती. पोट तसंच होतं, उलट जरा पुढे आलेलं. उन्हाळ्यात पोट फुगतंच, असं आईचं म्हणणं.

आणि मग ते मोजे. एप्रिलच्या शेवटाला एक दिवस मी घरी आले तर बाबा कूलरसमोर बसलेले, अंगात बनियन, आणि पायात काळे लोकरीचे मोजे. खाणीच्या नोकरीतले, थंडीचे. मी पोट धरून हसले.

"बाबा, हे काय? नागपुरात बर्फ पडून राहिला का?"

"पाय थंड पडतात वं माहे. कूलरनं."

"मग कूलर बंद करा ना."

"अन् तुही माय भाजून निघन तिचं काय?"

त्यानंतर मोजे त्यांच्या पायातून निघाले नाहीत. मी रोज चिडवायचे. मे उजाडला, बाहेर डांबर वितळत होतं आणि बाबा मोजे घालून बसायचे. पूर्ण बाह्यांचा सदराही घालायला लागले होते, मधूनच बाहीवरून दंड खाजवायचे. एकदा खिडकीशी बसून पेपर वाचताना त्यांनी मान वर केली आणि मला त्यांच्या डोळ्यांचे पांढरे भाग पिवळसर दिसले. पण मी तेव्हा दिवसभर निळ्या प्रकाशासमोर बसून आले होते. तसं बसून आल्यावर काही वेळ सगळं जगच पिवळट दिसतं, हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान. मी आत जाऊन तोंड धुतलं. परत येऊन नीट बघितलं नाही.

हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं आहे. बघितलं नाही, हेच खरं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या संशोधनाच्या पेपरसाठीचा शेवटचा प्रयोग होता. मॅडमचा मजकूर तयार होता, आणखी एकदा तेच उत्तर आलं की पाठवून द्यायचा. मी सगळ्या वाट्यांमध्ये एकाच वेळी रंग घातला आणि प्लेट घेऊन काळोख्या खोलीत शिरले. दिवा मालवला तोच फोन थरथरला. आई होती.

"हे दोन दिवसांपासून जेवून नाही राहिले वं. तोंड कडू पडलं म्हणतात. तू लवकर येशीन का?"

"काढा कडू आहे, तोंड कडू होणारच ना आई. येतो मी." घरी मी अशीच बोलते, येतो, जातो.

फोन खांद्याशी धरून मी प्लेट मायक्रोस्कोपवर बसवली. मग कामाला लागले. एक वाटी, फोकस साधायचा, पाच फोटो, पुढची वाटी. बारा वाट्या झाल्या आणि एसी बंद पडला. वीस मिनिटं घामाघूम होऊन बसून राहिले. मग उरलेल्या बारा. प्रोग्रॅम लावला. त्यानं नावं पुसली, मोजलं, फोटो काढल्याच्या क्रमानं नावं परत लावली. उत्तर आलं: आजोबा भरलेले, नातवंडं मोकळी. इतकं स्वच्छ उत्तर आधी कधीच आलं नव्हतं. मी मॅडमना फोन करायला निघाले, म्हणून दिवा लावला आणि प्लेट उचलली.

या प्लेटच्या एका कोपऱ्याला काप असतो, वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. तो काप नेहमी माझ्या डाव्या हाताला, पलीकडे असायला हवा. तो माझ्या उजव्या हाताला, अलीकडे होता. मी प्लेट उलट्या दिशेनं बसवली होती.

मला समजायला जरा वेळ लागला. उलटी बसवली म्हणजे आज पहिल्या बारा वाट्या नातवंडांच्या होत्या. ज्यांना आज मशीननं आजोबा म्हटलं, थेंबांनी गच्च भरलेले म्हटलं, त्या पेशींच्या अंगात अर्क होता. आणि शेवटच्या बारा, चांदण्यांसारखे चारदोन थेंब उरलेल्या, बऱ्या झालेल्या, त्यांना अर्काचा थेंबही मिळालेला नव्हता.

त्या कशानं बऱ्या झाल्या? नुसत्या थांबल्या म्हणून. जिवंत पेशी रंग जवळ ठेवत नाही, हळूहळू बाहेर टाकते. तासा-दीड तासानं पिवळा उजेड पुसट होतो. आणि पुसट थेंब मोजायचा नाही, हा माझाच नियम. चरबी होती तिथेच होती. मी फक्त उशिरा पोचत होते आणि ती दिसत नाही म्हणून ती गेली असं लिहीत होते. आजोबांच्या रांगेला पहिला मान, म्हणून आजोबा आजारी. नातवंडांची पाळी शेवटी, म्हणून नातवंडं बरी. आणि उन्हाळ्यात एसीसाठी जितकं जास्त थांबलो, तितका आमच्या औषधाचा गुण वाढला.

त्या खोलीत मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. पडद्याआड कोणी उभं असल्यासारखी. पण खरी भीती प्रयोगाची नव्हती. टीव्हीशेजारच्या फोटोची होती, आणि त्याच्या समोर मोजे घालून बसलेल्या माणसाची.

तरी मी त्या संध्याकाळी घरी जाऊन काही बोलले नाही. म्हटलं, एक चूक बघून एवढी आरडाओरड नको, एकदा खात्री करून घेऊ. शास्त्र तसंच सांगतं. बाबा उशीला टेकून बसले होते. आई पोळ्या लाटत होती, म्हणाली, काढा गाळून ठेवला आहे, देतेस का? मी दिला. पेला मीच त्यांच्या हातात दिला. ते प्यायले, रिकामा पेला फोटोकडे उंच केला.

दुसऱ्या दिवशी मी एक प्लेट घेतली, जिच्यात अर्क कुठेच नव्हता. चोवीसही आजोबा. पहिल्या वाटीपासून शेवटच्यापर्यंत नेहमीसारखे फोटो काढले. रांगेरांगेनं थेंब कमी होत गेले आणि शेवटची रांग अगदी ठणठणीत बरी निघाली. मी ते कागद मॅडमपुढे ठेवले.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोनदा आकडे बघितले. मग म्हणाल्या, "तीस वर्षं झाली मला हे शिकवून. आधी मोठ्यांना नमस्कार." मला वाटलं त्या रडतील, पण रडल्या नाहीत. पेपरचा मजकूर त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. "बरं झालं पाठवला नव्हता. आपल्या खोलीतच राहिलं सगळं. तू हे बाहेर कोणाला दाखवलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्या खोटेपणाचं मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण तेव्हा मी दाराकडेच बघत होते. तशीच निघाले. सीताबर्डीला उतरून हुडकेश्वरची ऑटो धरली. दुपारचे दोन वाजले असतील. रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. बाबा, आमची एक चूक झाली. बाबा, काढा आजपासून बंद. बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. कुठल्याही वाक्याच्या सुरुवातीला बाबा म्हटलं की पुढचं अडायचं. ऑटोवाला आरशातून बघत होता.

आई शेजारी गेली होती. बाबा दिवाणावर झोपलेले, तोंड जरासं उघडं, कूलरचं वारं अंगावर. पायात मोजे. खिडकीतून ऊन आत आलं होतं. आज मी निळ्या प्रकाशात बसलेले नव्हते, आणि तरी त्यांचं कपाळ पिवळं होतं, हाताची कातडी पिवळी होती, माझ्या फोटोतल्यासारखी.

मी खाली बसले आणि त्यांच्या उजव्या पायाचा मोजा हळूहळू खाली ओढला. लोकरीचे वळ कातडीत खोल रुतले होते. पाय सुजून घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं. मी अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. मी मनात सेकंद मोजायला लागले, सवयीनं. बराच वेळ मोजले. मग मोजणं सोडून दिलं.

बाबा जागे झाले होते. माझ्याकडेच बघत होते. पाय मागे घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला.

"राहू दे वं. सूज हाय थोडी."

"कधीपासून?"

त्यांनी मोज्याकडे हात नेला.

"बाबा, कधीपासून?"

"होळीपासून."

मला एकदम रडू कोसळलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, तो फोटो खोटा आहे. आमचं चुकलं. त्या औषधानं काहीच होत नाही. काहीच नाही होत त्यानं."

ते फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना धक्का बसेल, राग येईल. मी रागाचीच वाट बघत होते, रागावले असते तर सोपं झालं असतं. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका होता, कागदासारखा.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "पाय सुजले तवाच समजलं, का आपल्याले गुण नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कसा सांगू? तू इतक्या खुशीत राहायची. म्हटलं, एकट्या माह्यापायी तुहा प्रयोग फेल दिसन. पेपर जाऊ दे तुहा, मंग दाखवू डॉक्टरले." त्यांनी वाकून स्वतःच तो मोजा वर ओढला, अर्ध्यावर धाप लागली, तरी ओढला. "ते जाऊ दे आता. मॅडम रागावल्या तर नाही ना तुह्यावर?"